बायकोच्या गावाचं बुकिंग

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, आणि सहलीची यादी पोरीनं पुण्याहून पाठवली. मोबाईलवर, रंगीत, दिवसवार. पहिले दोन दिवस ताडोबा. तिसरा दिवस मार्कंडा. चौथ्या दिवशी आलापल्लीचं जुनं सागवान आणि कमलापूरचे हत्ती. पाचव्या दिवशी सिरोंचा, तिथून पुढे नद्यांचा संगम. कुठे जेवायचं, कुठे मुक्काम करायचा, गाडीत पेट्रोल कुठे भरायचं, सगळं लिहिलेलं. शेवटी एक ओळ होती, "पप्पा, आता तरी मम्मीला फिरवा."

टोमणा बरोबर होता. पंचवीस वर्षांत मी बायकोला दीक्षाभूमीला दोनदा नेलं, आणि गडचिरोलीच्या दवाखान्यात कितीदा नेलं ते मोजलं नाही. फिरायला म्हणून कुठेच नेलं नाही.

मी सावली तालुक्याच्या पंचायत समितीत नोकरी करतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवत मेला, आईला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. त्या घरातून मी बी.ए. झालो, आणि हे मी लपवत नाही. दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.ए. लिहिलं आहे. साहेब लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या आजोबांच्या भिंतीवर पदव्या टांगल्या आहेत त्यांना पाटीची गरज नसते. मला होती.

यादी घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. बायको तांदूळ निवडत होती. तिनं मोबाईल हातात घेतला, सावकाश सगळं वाचलं आणि विचारलं, "हे ताडोबा म्हनजे आमच्याच गावाकडचं ना?"

"हो."

"मंग असं करा जी. बाकी कुठी न्याचं तं न्या, नाई तं नका नेऊ. मले एकडाव मायजवळ न्या."

तिचं गाव आता नाही. म्हणजे जागा आहे, गाव नाही. ताडोबाच्या पोटातली जी गावं उठवून बाहेर वसवली, त्यातलं ते एक. गाव उठायच्या दोन वर्षं आधी तिची आई गेली. गावातल्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीमागं, बांधापलीकडे, तिला मातीत ठेवली. वर दगड रचले आणि दगडांना चुना मारला. आमच्या लोकांत दरवर्षी त्या दिवशी पोरीनं जाऊन दगडांना नवा चुना लावायचा, मेणबत्ती पेटवायची, असा रिवाज. बायकोनं ते दोन वर्षं केलं. त्यानंतर गाव उठलं, आणि पुढे दरवर्षी काही ना काही निघालं. कधी पोरीची परीक्षा, कधी माझी रजा नाही. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला माहीत होतं.

ते कारण सांगतो.

गाव उठवायचा ठराव होता त्या दिवशी मी योगायोगानं सासुरवाडीला होतो. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली होती. अधिकारी आले होते, कागद वाटले होते. गावात दहावीच्या वर कोणी नव्हतं. गावचा पाटील म्हणाला, "साहेब, तुमी कायले वाचता? आमचे जवाईबापू बी.ए. हायेत. ते वाचतीन तेच आमी ऐकू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायरीवर उभा राहिलो आणि तासभर एकेक कलम वाचून झाडीबोलीत समजावून सांगितलं. घर कुठे मिळणार, जमीन किती, वीज, नळ, शाळा. तसं वाचताना मला कधी इतकं बरं वाटलं नव्हतं. समोर बायांच्या घोळक्यात बायको उभी होती, कडेवर आमची पोरगी.

वाचून झालं. तेव्हा मागून एक म्हातारा उठला. नात्यानं बायकोचा काका. त्याला दम्याचा त्रास होता, एक वाक्य बोलायला दोनदा थांबायचा.

"सगळं समजलं बापू. पन आमचे मेलेले? त्याईचं काय? त्याईले भेटाले येता येईन का नाई?"

कागदात त्याबद्दल काहीच नव्हतं. मी शेवटचं पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. अधिकारी तेवढ्यात फोन घेऊन बाजूला गेला होता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. "मला माहीत नाही, साहेबांना विचारू" एवढंच म्हणायचं होतं. पण ज्यानं आयुष्यभर "याला सगळं माहीत आहे" हे ऐकण्यासाठी शिक्षण घेतलं, त्याच्या तोंडून ते शब्द निघत नाहीत. माझ्याही नाही निघाले. मी म्हणालो, "येता येईन ना काका. सरकार काय भिंत बांधून राह्यलं का? वर्षातून एकडाव काय, दहाडाव या."

म्हातारा खाली बसला. ठरावावर अंगठे उमटले.

माझ्या त्या उत्तरानंच गाव उठलं, असं मी म्हणत नाही. गाव उठणारच होतं. पण ते लोक माझं ऐकून निश्चिंत मनानं उठले, हे खरं आहे. पुढे त्यांच्यातले दोघंतिघं एकदा मेणबत्त्या घेऊन जंगलाच्या गेटवर गेले, आत सोडलं नाही म्हणून परत आले. त्यांना वाटलं, आपण अडाणी, आपल्याला बोलता आलं नाही. माझ्यावर कोणी बोट ठेवलं नाही. ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

पोरीची यादी आल्यावर मी बुकिंगची साइट उघडली. गेट निवडा, तारीख निवडा, सकाळ की दुपार. मग कोणत्या गेटमधून कोणता रस्ता जातो ते शोधायला लागलो आणि एका पर्यटकानं लिहिलेल्या माहितीत बायकोच्या गावाचं नाव सापडलं. नाव तेच ठेवलं होतं. त्यापुढे लिहिलं होतं, वाघ दिसण्याची खात्रीची जागा, मोठं कुरण, बारमाही पाणी. बारमाही पाणी म्हणजे ती बोडी.

आणि नियमांत तिसऱ्या की चौथ्या ओळीत होतं, वाहनातून खाली उतरण्यास सक्त मनाई आहे.

मी रजा टाकून वनविभागाच्या ऑफिसात गेलो. अर्ज लिहून नेला होता, चांगल्या मराठीत, सासूच्या स्मृतिस्थळी पाच मिनिटं उतरू द्यावं म्हणून. तिथला माणूस भला होता. त्यानं अर्ज वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवला.

"भाऊ, तुमी बी आपल्याच लाइनीतले. लेखी कायले मागता? लेखी मागान तं लेखी 'नाई' येईन. मंग ते 'नाई' जन्मभर राहीन. सफारी करा, दुरून हात जोडा, वापस या."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"पाच मिन्टात वाघ काय करते, तुमाले सांगाले पाह्यजे का? उद्या पेपरात माह्यं नाव येईन." मग आवाज खाली करून म्हणाला, "तुमी एकटे नाई. हप्त्याले कोनी ना कोनी येते. कोनी बापासाठी, कोनी लेकरासाठी."

मी घरी आलो. बायकोनं विचारलं, "झालं का काम?" मी म्हणालो, "झालं. बुकिंग झालं."

बुकिंग खरंच झालं होतं. मी खोटं बोललो नाही असं मनाला समजावता येण्याइतकं ते खरं होतं.

त्यानंतर महिनाभर माझ्याकडे सांगायला वेळ होता. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. आणि रोज तिची तयारी थोडी पुढे गेलेली असायची. तिनं चुना आणून भिजवला, गाळला, प्लास्टिकच्या डब्यात भरला. नवा ब्रश घेतला. मेणबत्त्या घेतल्या. भावाला फोन केला, आणि तो मी शेजारच्या खोलीतून ऐकला.

"आमी जाऊन राह्यलो, मायजवळ... हो, आतमंदी... तुह्या भाऊजीनं केलं सगळं... मंग! उगाच नाई म्या शिकलेला नवरा केला." आणि ती हसली. तिचं तसं हसणं मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

तेव्हा उठून तिच्या हातातून फोन घ्यायला हवा होता. मी पेपर वाचत बसलो.

निघालो त्या दिवशी मूल गावात चहाला थांबलो. मी म्हटलं, "ऐक, एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "थांबा, आधी माहं ऐका." एरवी मोजून बोलणारी बाई, त्या दिवशी थांबेचना. बोडीत शिंगाडे कसे काढायचे, आई मोह वेचायला पहाटे कशी उठवायची, एकदा अस्वल अंगणात आलं तर आईनं त्याला झाडूनं हाकललं. "झाडूनं बरं का! मोठ्ठं धूड. तेबी चुपचाप गेलं." चहा संपला. मी कप ठेवला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर रांग होती. मोबाईल जमा करून घेतले. मग पिशव्या तपासल्या. मेणबत्त्यांसोबतची माचिस काढून ठेवली. गार्डनं चुन्याचा डबा उघडला, वास घेतला.

"हा काय, चुना? एवढा? बाई, तुमी तंबाकूचा खर्रा खाता का खर्ऱ्याचा कारखाना हाय?"

मागच्या जिप्सीतले लोक हसले. बायकोही हसली. "नाई जी, लेपाले हाय," म्हणाली. कशाच्या लेपाला, ते त्यानं विचारलं नाही. डबा परत दिला. "आणि माचिस काऊन घेतली?" तिनं मला हळूच विचारलं. "आगीचा नियम आहे," मी म्हणालो. "असू द्या. उभ्याच ठेवीन, पेटवता नाई आल्या तं नाई."

जिप्सीत आम्ही दोघं, ड्रायव्हर आणि गाईड. गाईड पन्नाशीचा, हिरव्या कपड्यांतला, कमी बोलणारा. मे महिना होता, सकाळीच झळा सुरू झाल्या होत्या. सांबर दिसले, गवे दिसले. बायको बघत होती, पण पाहुण्यासारखी नाही. वळण यायच्या आधी ती वळणाकडे मान करायची.

मग एक मोठी मोकळी जागा आली. पिवळं गवत, मध्येच तीन चिंचा आणि एक आंबा. गाईड सवयीनं म्हणाला, "जंगलात चिंच नि आंबा संगं दिसले का समजाचं, इथी गाव होतं."

"ते आमचं आंगन हाय," बायको म्हणाली.

गाईड वळून तिच्याकडे पाहत राहिला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. बायकोनं पिशवी उचलली, पदर खोचला आणि एक पाय जिप्सीच्या कडेवर ठेवला.

"ओ ताई! बसा, बसा खाली. उतरता नाई येत."

"दोन मिन्टं भाऊ. पाळीच्या मागं माय हाय माही. चुना लावते न येते."

"नाई ताई."

"यायनं परवानगी काढली हाय नं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

गाईडनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चिंचांकडे वळवली. त्याला कळलं. तो तिच्याशी फार सावकाश बोलला.

"ताई, मी बाजूच्या गावचा. तेबी उठलं. माहा बाप बी इथीच हाय, त्या नाल्यापाशी. मी रोज येतो. सकाळी येतो, दुपारी येतो. सात वर्षं झाले गाईड होऊन. एकडाव बी उतरलो नाई. उतरलो का माही रोजी जाते, ड्रायव्हरची बी जाते. परवानगी अशी कोनालेच भेटत नाई. यायनं सांगतलं नाई का तुमाले?"

तिनं पाय आत घेतला. बसली. पिशवी मांडीवर घेतली. माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात बोडीकडे दोनतीन जिप्स्या धावल्या. वाघीण पाण्यात बसली होती. ड्रायव्हरनं विचारलं, "न्यायची का?" बायको म्हणाली, "न्या, सगळे जाते तिकडे." आम्ही पाळीपासून शंभर पावलांवर उभे राहिलो. वाघीण पाण्यात पसरली होती, सुस्त. पुढच्या गाडीतल्या बाई पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "किती नशीब आपलं, किती नशीब!" सगळ्यांच्या दुर्बिणी वाघिणीवर होत्या. माझ्या बायकोनं गाईडची दुर्बीण मागितली आणि पाळीकडे धरली. बराच वेळ धरून होती. दगड दिसले नाहीत. गवत होतं, की दगड खचले होते, की रानडुकरांनी उकरले होते, कळलं नाही. तिनं दुर्बीण परत दिली.

बाहेर आल्यावर आम्ही गेटाजवळ आमच्या गाडीपाशी उभे होतो. मी दार उघडून धरलं. ती बसली नाही.

"त्या दिवशी मालूम होतं तुमाले? काकाले सांगतलं तवा?"

"नव्हतं."

"मंग काऊन सांगतलं?"

"सगळे माझ्याकडे पाहत होते."

"मी बी पाहून राह्यली होती," ती म्हणाली. मग गाडीत बसली.

यादीप्रमाणे आम्हाला मार्कंड्याकडे जायचं होतं. पण तिच्या भावानं जेवायला बोलावलं होतं, वाट पाहत होते. नव्या वसाहतीत सगळी घरं सारखी, सारख्या रंगाची, रांगेनं. वीज आहे, नळ आहे, डांबरी रस्ता दारापर्यंत. मी वाचून दाखवलेलं सगळं मिळालं, हे मला म्हटलंच पाहिजे. मेव्हण्यानं गावठी कोंबडा कापला होता. आम्ही पोचलो तोवर अर्धी वसाहत त्याच्या घरापुढच्या छपरीत जमली होती. तो दम्याचा काका केव्हाच गेला, त्याला नव्या गावाच्या मागे ठेवला. त्याची म्हातारी होती. भिंत धरत आली आणि बायकोचे दोन्ही हात हातात घेतले.

"भेटली वो माय?"

मी पाटावर बसलो होतो. मला वाटलं आता ती सांगेल, आणि सांगावंच. माझी पाटी सगळ्यांसमोर उतरू दे, एकदाची.

बायको म्हणाली, "भेटली."

"चुना लावला?"

"लावला."

"माहा बारक्या हाय नं तिथी, तिच्या बाजूले. सव्वा वर्षाचा होता. त्याचा लहानसा दगड हाय. हाय का?"

बायको तिच्या कानाशी वाकली. "हाय काकू. त्यालेबी लावला."

म्हातारीनं तिचे हात आपल्या कपाळाला टेकवले. त्या हातांना चुन्याचा ठिपकाही नव्हता. म्हातारीला दिसत कमी होतं. छपरीतल्या बाया डोळे पुसायला लागल्या. एकीनं विचारलं, माह्या सासऱ्याचा दिसला का. दुसरीनं आपल्या बहिणीचं विचारलं. बायको प्रत्येकीला हो म्हणत गेली. तिचा आवाज एकदाही हलला नाही. मला वाचवायला ती बोलत होती की त्या बायांना, ते मी अजून विचारलेलं नाही.

मेव्हणा माझ्या ताटात भात वाढत म्हणाला, "भाऊजी, आमीच येडे. गेटवरून वापस आलो. शिकलेला मानूस संगं पाह्यजे होता. आता आमचं बी करा ना. सगळे जाऊ. आधार लागते म्हने?"

"लागतं," मी म्हणालो.

एवढंच खरं होतं. बाकीचं खरं सांगायचं तर बायकोला त्या सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती वरण वाढत होती. तिनं मान वर केली नाही.

काकू सगळ्यात आधी उठली. घरी जाऊन प्लास्टिकच्या पिशवीतून आधारची झेरॉक्स घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. मग दुसरी आली. मग मेव्हणा आत गेला. माझा हात खरकटा होता, म्हणून त्या झेरॉक्स मेव्हण्यानंच घडी करून माझ्या सदऱ्याच्या खिशात घातल्या. नऊ होत्या.

मार्कंडा, आलापल्ली, सिरोंचा काही झालं नाही. आम्ही त्याच दुपारी घरी आलो. पोरीनं फोन करून विचारलं, "मम्मी, वाघ दिसला?" ती म्हणाली, "दिसला." चुन्याचा डबा तिनं न्हाणीघराच्या भिंतीला वापरून टाकला.

मेव्हण्याचा दर रविवारी फोन येतो. "भाऊजी, भेटली का तारीख?" मी सांगतो, बुकिंग फुल आहे. साइटवर खरंच बहुतेक वेळा फुल असतं. फोनवर बोलताना बायको तिथेच असते, काम करत. आमच्यात तसं भांडण नाही. जेवायला वाढते, डबा देते, विचारलं तर उत्तर देते.

पावसाळ्यात गेट बंद असतं. ते तीन महिने मला काही सांगावं लागत नाही. ऑक्टोबरात पुन्हा उघडतं.